थोरल्या सुनेचा आवाज

देवाने माझा आवाज काढून घेतला तेव्हा मी त्याच्यावर पहिला आरोप केला तो हा, की बाईचाच का घेतलास. कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकणाऱ्या पुरुषांचे घसे शाबूत होते, आणि ते माझ्याहून जास्त वेळ, माझ्याहून कमी मुद्द्याचं बोलत होते. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांत ठेक्यावर काम करणाऱ्या बायकांना बसायला स्टूल नाही, धड संडास नाही, यावर पत्रक मी लिहिलं, वाटलं मी, आणि मेगाफोन बंद पडला त्या दिवशी नुसत्या घशाच्या जोरावर सभा रेटली तीही मीच. घरी आले तर तोंडातून शब्दाऐवजी वारा येत होता. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर सूज होती, गाठ धरू लागली होती. पूर्ण मौन पाळा म्हणाले, कुजबुजसुद्धा नाही. पुढच्या तपासणीपर्यंत सूज उतरली नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर पहिल्यासारखा आवाज येईल याची खात्री देता येत नाही. मला विचारायचं होतं, की मग मी करायचं काय. विचारता येत नव्हतं.

आवाज गेला म्हणजे माझी भाकरीही गेल्यात जमा होती. चळवळीत पैसे मिळत नाहीत. पोट भरायचं ते अरेरा कॉलोनीतल्या एका तळघरातल्या डबिंग स्टुडिओत. तेव्हा तिथे एका चिनी ऐतिहासिक मालिकेची मराठी आवृत्ती तयार होत होती. एक मोठं जमीनदार घराणं, अंगणामागे अंगण, दर अंगणात एक सून, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक म्हातारी सासू. घराच्या मध्यभागी पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या मांडलेली खोली, जिथे बायकांनी पाऊल ठेवायचं नाही. इंग्रजी संहितेवरून मराठी संवाद मी लिहायचे आणि थोरल्या सुनेचा आवाजही माझाच होता. पहिला भाग पाहिला तेव्हाच माझं डोकं तडकलं होतं. असली सरंजामी थेरं आपण मराठीत आणून कुणाचं भलं करतोय, असं मी स्टुडिओचे मालक दुबेजींना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, बेटा, भलं किसी का नहीं, बस बिजली का बिल भरना है.

मग मी माझ्या परीने सूड घ्यायला लागले. थोरल्या सुनेच्या तोंडी मी पत्रकं घालायचे. ती चहाचा पेला पुढे करताना नुसतं "घ्या" म्हणायची, तिथे मी तिला कष्टकरी बाईच्या हक्कांवर एक वाक्य द्यायचे. पडद्यावर तिचे ओठ मिटायचे आणि माझं वाक्य चालूच राहायचं. दुबेजी काचेपलीकडून हात वर करून टेक थांबवायचे. "बेटा, उसका मुँह बंद हो गया, तुम्हारी क्रांति अभी चालू है." सगळे हसायचे, मीसुद्धा. गाद्या ठोकलेल्या त्या भिंती, एकच पंखा आणि तोही टेकच्या वेळी बंद, घामाने चिकटणारे हेडफोन, दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र आणि त्यात बाबांनी दिलेला वऱ्हाडी ठेचा खाऊन दुबेजींचं नाक पुसणं. आज त्या तळघरात कोचिंग क्लास आहे. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा खाली उतरणाऱ्या पायऱ्या बघत थांबते. इतक्या शिव्या घालत केलेलं काम इतकं आपलं होऊन बसेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मालिकेचे शेवटचे भाग उरले होते आणि माझा घसा बसला. दुबेजींनी वाट बघायचं कबूल केलं, पण चॅनलला माल द्यायचा होता. माझा आवाज आला नाही तर इंदूरची एक मुलगी थोरली सून करणार होती, आणि मग अर्ध्यावर आवाज बदलता येत नाही म्हणून पहिल्या भागापासून माझा आवाज पुसून तिचा भरणार होते. यात त्यांची चूक नव्हती. राग येऊन उपयोग नव्हता, तरी आला.

त्याच दिवसांत भाद्रपद लागला आणि बाबा एका सकाळी पोहे परतता परतता म्हणाले, की यंदा महालक्ष्म्या आणूया.

आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा येतात. बाबा नागपूरहून इथल्या मोठ्या कारखान्यात लागले तेव्हा आईने दोन पितळी मुखवटे ट्रंकेत साड्यांच्या मध्ये गुंडाळून आणले होते. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये खोल्या लहान, त्यामुळे त्या दिवसांत आमचे पलंग अंगणात जायचे आणि देवी खोलीत राहायच्या. आई तुळशीपासून ताटात मुखवटा घेऊन रांगोळीच्या पावलांवरून यायची आणि दाराच्या आत उभं राहून विचारायचं काम माझं असायचं. कोण आली? महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली. मी इतक्या मोठ्याने विचारायचे की मागच्या रांगेतल्या मिश्रा आंटी खिडकी उघडून बघायच्या. आई म्हणायची, हळू गं, देवी पाहुणी आहे, चोर नाही. दुसऱ्या दिवशी ज्वारीची आंबील, पुरण, सोळा भाज्या, आणि नैवेद्य दाखवून झाला की आई पडदा ओढून आम्हा सगळ्यांना बाहेर घालवायची. कुणी बघत असलं की त्यांना जेवायला संकोच वाटतो, म्हणायची. आम्ही अंगणात पलंगावर भुकेले बसलेलो, आतून वास येतोय, आणि आई तोंडावर बोट ठेवून. माझ्या आयुष्यातली खरी शांतता मी तिथेच ऐकली.

आई गेली आणि मुखवटे ट्रंकेतच राहिले. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, किंवा वाटत नाही असं मी ठरवलं होतं. कर्मकांडावर मीच पत्रक काढलेलं. बाबांना मला सांगायचं होतं, की आई गेली तेव्हा कुठे होत्या तुमच्या महालक्ष्म्या? पण आवाज नव्हता. बोलण्याऐवजी जवळ बाळगायचे त्या पाटीवर लिहायला गेले, पण ते वाक्य लिहून दाखवण्याइतकी वाईट मी नव्हते. पोहे खाल्ले.

नागपूरच्या आत्याचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला. आत्या म्हणाली, "दादा, वहिनी नाही, सून नाही. आणणार कोण? लेकीनं कुलाचार करायचा नसतो, ती परक्या घरची."

बाबा शांतपणे म्हणाले, "तिच्या आईनं मुखवटे चिंचेनं घासायला तिला शिकवलं. तुला नाही शिकवलं."

आत्याने फोन ठेवला. मी आतल्या आत पेटले होते. अगदी तीच गोष्ट, तीच बंद खोली, फक्त चीनमधली नव्हती. खरं सांगायचं तर मी महालक्ष्म्या आणायला तयार झाले ती भक्तीने नाही, आत्याच्या नाकावर टिच्चून. लोक म्हणतात देवापाशी भाव शुद्ध हवा. माझा नव्हता.

क्वार्टर सुटल्यावर घेतलेल्या अयोध्यानगरच्या भाड्याच्या घरी आम्ही तळमजल्याला. अंगण नाही, म्हणून तुळशीची कुंडी जिन्याच्या पायथ्याशी ठेवली आणि तिथून दारापर्यंत मी पावलं काढली. बोलणं बंद झाल्यापासून मला हातांनी कामं जास्त नीट जमत होती. मुखवटे घासताना ज्येष्ठेच्या नाकाच्या बाजूला आईच्या बोटांनी गुळगुळीत झालेली जागा सापडली. मी तिथे अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मनात काही मागितलं नाही असं म्हणणार नाही. मागितलं. माझा आवाज द्या, जसा होता तसा द्या, गेटवर उभं राहायचंय मला. विनंती नव्हती ती, मागणीपत्रकच होतं.

ठरलं असं होतं, की बाबा दारातून विचारतील आणि माझ्या वाटचं उत्तरही तेच देतील. मी ताट घेऊन कुंडीपासून निघाले. बाबा दारात, हातात चमचा आणि ताटली. त्यांनी ताटली वाजवली, तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडून काही येईना. ते मुखवट्याकडे बघत होते. डोळे भरून आले, हनुवटी हलली, एवढंच. मी पावलांवर थांबले. मागे जाता येत नाही, आणि विचारल्याशिवाय आत जाता येत नाही. दोघंही गप्प. असा प्रसंग कुणावर येतो का? ज्या घरात एवढं बोललं जायचं, तिथे दोन शब्द बोलायला कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली. वरचा मजला भाड्याने द्यायचा होता, तो बघायला आली असावी, हातात किल्ली होती. साधी सुती साडी, डोक्यावर पदर. जिन्याकडे वळताना तिला जमिनीवरची पावलं दिसली. तिने चप्पल काढली, पावलांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून उभी राहिली, माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, आणि अगदी घरच्यासारखं, हलकेच विचारलं,

"कौन आई हैं?"

"महालक्ष्मी आली."

मी बोलले. ठरवून नाही. कुणीतरी विचारलं आणि उत्तर गेलं. आवाज खरखरीत होता, जेमतेम होता, पण वारा नव्हता, आवाज होता. बाबांच्या हातातली ताटली थांबली. मग त्यांना शब्द सापडले. फुटक्या आवाजात ते म्हणाले, "कशाच्या पावलांनी आली?" मी नुसती मान हलवली, डॉक्टरांची भीती वाटून. सोन्याच्या पावलांनी, ते बाबाच म्हणाले. कनिष्ठेच्या वेळी सगळं त्यांनीच म्हटलं, न अडखळता.

ती बाई आत आली, देवींना हळदकुंकू वाहिलं, हातावर साखर घेतली आणि वर गेली. खाली कधी उतरली ते कळलं नाही, आम्ही साड्या नेसवण्यात गुंतलो होतो. घरमालक नंतर म्हणाले, तीन-चार जण बघून गेले, कुणाला जिना उभा वाटला, कुणाला भाडं. तिचं नाव आम्ही विचारलं नाही. मला विचारायला आवाज नव्हता आणि बाबांना सुचलं नाही. भोपाळ एवढं मोठं शहर नाही, पण ती पुन्हा दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवला, पडदा ओढला, आणि बाबा आणि मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. मौन मला शिक्षा वाटत होतं, ते पहिल्यांदा तिथे वाटलं नाही.

तपासणीत सूज उतरलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, मौन नीट पाळलंत म्हणून. त्यांचं बरोबर आहे. आणि त्या बाईला तेव्हाच का पाठवलंस, हेही कुणाला तरी विचारावंसं वाटतं. मी वाद घालणारी मुलगी आहे, पण यावर वाद घालत नाही. माझी मागणी मात्र मान्य झाली नाही. जसा होता तसा आवाज मिळाला नाही. जो परत आला तो खाली उतरलेला, किंचित घोगरा, आणि ताणला की तुटणारा. असाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी भीतभीत तळघरात गेले. शेवटच्या भागांत म्हातारी सासू वारलेली असते आणि थोरली सून प्रौढ झालेली असते. मी हेडफोन चढवून दोन वाक्यं म्हटली. दुबेजींनी काचेपलीकडून हात वर केला नाही. टेक संपल्यावर म्हणाले, "अब जाके तुम बड़ी बहू हुई हो." अगदी शेवटी ती सासूच्या नावाची पाटी उचलते आणि बायकांना बंद असलेल्या त्या खोलीत स्वतः नेऊन ठेवते. त्या प्रसंगात तिची पाठ कॅमेऱ्याकडे आहे, ओठ दिसत नाहीत. अशा जागी संवाद लिहिणारा काहीही भरू शकतो. दुबेजी हसून म्हणाले, घे, इथे तुझं पूर्ण भाषण मावेल. मी त्या पाठीकडे बघितलं. ती खांदे किंचित वाकवून दोन्ही हातांनी पाटी धरून चालत होती. मी मान हलवली आणि ती जागा मोकळी सोडली. भाषण तीच करत होती, मी फक्त मध्ये बोलायची थांबले.

महालक्ष्म्या आता दरवर्षी येतात, मीच आणते. आत्या येते, नाक मुरडते आणि आंबील दोनदा मागून घेते. पत्रकंही मी अजून काढते, आणि बायकांना स्टूल अजून मिळालेलं नाही, तेव्हा लढाई संपलेली नाही. देवाला मी शरण गेले म्हणजे ठेकेदाराला गेले असं कुणी समजू नये. पण मला हवं तेच, हवं तसंच मिळायला हवं, हा हट्ट मी त्या दारात ठेवून आले, आणि जे हातात दिलं गेलं त्याबद्दल रोज हात जोडते. गेटवर मी बोलायला उभी राहते तेव्हा माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. म्हणून बायका पुढे येतात, अगदी जवळ, खांद्याला खांदा लावून.

आणि मग त्याही बोलायला लागतात.