उसना ग्रंथ

वालूरच्या अंगणवाडीत मी सेविका आणि आपा मदतनीस, अशी बावीस वर्षं आम्ही एकत्र काढली. मी रजिस्टरं भरायची, पोरांची वजनं घ्यायची, गाणी म्हणायची. आपा घरोघर फिरून पोरं गोळा करायच्या, खिचडी शिजवायच्या आणि माझं डोकं तापलं की मला थोडा वेळ बाहेर पाठवायच्या. माझं डोकं लवकर तापतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आपा मुसलमान, मी माळकरी घरातली सून. त्या मला बाई म्हणतात, मी त्यांना आपा. यापलीकडे आमच्यात धर्माचा विषय कधी निघाला नव्हता. तो काढायला सवड कोणाला होती?

श्रावणात आमच्याकडे मारुतीच्या देवळात दुपारी बायकांची पोथी लागते. वाचणारी मी. पूर्वी माझ्या सासूबाई वाचायच्या. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी ती जागा मला दिली. मी चालीवर ओवी म्हणायची आणि शेजारी बसलेल्या एक वयस्क काकू तिचा अर्थ सांगायच्या. वाचणारी वेगळी आणि अर्थ सांगणारी वेगळी, अशीच रीत आहे. आपा आणि मी घरी जोडीनं जायचो, त्यामुळे पोथी संपेपर्यंत त्या देवळाबाहेर लिंबाच्या पारावर तांदूळ निवडत बसायच्या.

एकदा पोथी सुटल्यावर घरी जाताना मला आठवेना की उद्याच्या अध्यायात राणीला वनात कोण नेऊन सोडतं आणि का. पोथी घरी होती, बघितलं असतं. पण आपांनी चालता चालता सगळं सांगून टाकलं, कोण काय बोललं त्यासकट.

मी हसले. म्हटलं, "आपा, तुम्हाला तर पाठच आहे की."

"मंग काय बाई. अठरा श्रावण झाले पारावर बसून ऐकायले मी." मग भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तशा सहज आवाजात त्या म्हणाल्या, "तुमी आमचं एक दिस तरी ऐकलं का?"

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. पण ते खरं होतं. आठ दिवस मी तो विषय काढला नाही. नवव्या दिवशी पोरं जेवायला बसली असताना म्हटलं, "आपा, तुमचा ग्रंथ मराठीत मिळतो का? मला वाचायचाय."

आपांनी पळी तशीच हातात धरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "बघते."

ग्रंथ यायला दिवाळी उलटली. उशीर का झाला ते त्यांनी सरळ सांगून टाकलं. त्यांचे मालक सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत, मोजकं बोलणारे, पाच वेळा नमाज पढणारे. ते नको म्हणाले होते. आपांनी त्यांचे शब्द जसेच्या तसे मला ऐकवले: "त्यांच्या घरी अदब राहनार न्हाई." मग आपा म्हणाल्या, "मी जबान दिली बाई. म्हनलं, बाईच्या घरी राहील."

ग्रंथ त्यांच्या आईच्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. फिकट हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. हात धुऊन घ्यायचा, भुईवर ठेवायचा नाही, त्याच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. पोथी हातात देताना सासूबाईंनी मला शब्दाला शब्द हेच सांगितलं होतं. घरात सगळ्यात उंच जागा देवघराच्या वरची फळी. मी ग्रंथ तिथं ठेवला.

त्या दिवसांत वेळही होता. ऊसतोडीची माणसं गाड्या भरून गेली होती, आईबापांबरोबर पोरं गेली होती आणि निम्मी अंगणवाडी रिकामी पडली होती. दुपारी घरी येऊन मी खिडकीशी वाचत बसायची. अर्थ सांगायला शेजारी कोणी नव्हतं, चालही नव्हती. एकेक पान दोनदा वाचावं लागायचं. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला भीती वाटली. आपल्या देवावरचं मन पातळ तर होणार नाही ना, म्हणून वाचता वाचता माझा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे जायचा. काही मजकूर मला पटला नाही, काही कडक वाटला, काही कळला नाही. दयेबद्दलचं मात्र पुन्हा पुन्हा यायचं आणि तिथं मी थांबायची.

एक जागा अशी आली की मी ग्रंथ मिटून बसून राहिले. एका बाईला माणसांपासून दूर, एकटीला कळा येतात आणि ती झाडाच्या बुंध्याचा आधार घेते, एवढीच हकीकत. आमच्या अंगणवाडीत नाव असलेली एक बाई उसाच्या फडावर अशीच बाळंत झाली होती. परत आल्यावर बाळाचं वजन करताना तिनं मला सांगितलं होतं, की जवळ कोणीच नव्हतं, तिनं बैलगाडीचं चाक धरलं होतं. तेव्हा मी रजिस्टरमध्ये वजन लिहिलं आणि तिला पुढच्या लसीची तारीख सांगितली. आता, दुसऱ्यांच्या ग्रंथापुढे बसून, मला तिच्यासाठी रडू आलं.

संध्याकाळी मी आमची पोथी काढली. वनात टाकलेली गरोदर राणी आमच्याही पोथीत आहेच की. तो अध्याय मी दर श्रावणात चालीवर म्हणत आले होते. चाल नीट लागली का, दम पुरला का, बायका माना डोलवतात का, एवढंच माझं लक्ष. अर्थ सांगायचं काम काकूंचं होतं म्हणून मी तो कधी घेतलाच नव्हता! त्या दिवशी पहिल्यांदा मी ती ओवी चाल सोडून, नुसती वाचली. राग आला स्वतःचा. मग पोथीतलं मोरपीस काढून मी आपांच्या ग्रंथात खुणेला ठेवलं, जिथवर आले होते तिथं.

बातमी काकूंना लागलीच. त्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आपलं पुरं झालं का, जे दुसऱ्याचं वाचायलीस?"

काकू दर वर्षी परभणीच्या उरुसाला जातात. नातवासाठी दर्ग्यात त्यांनी धागा बांधला होता, चादर चढवली होती. गावातल्या निम्म्या बायकांनी हे केलंय. दर्ग्यात डोकं टेकवायला कोणाची ना नसते, पण त्याच लोकांचं पुस्तक उघडलं की बाई बाटते. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. आणि हेही म्हटलं, की आपलं पुरं झालेलं नाही, हे मला यातूनच कळलं. काकू उठून गेल्या. मी जरा जास्तच बोलले होते.

मग मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला. दुपारी अंगणवाडीतून घरी आले तर फळीवर आपांच्या ग्रंथाला हळदीकुंकू लावलेलं. हळद ओली, चांगली बोटभर, त्यावर कुंकू, आणि वर झेंडूचं फूल. ओढणीच्या मधोमध.

मी सासूबाईंवर ओरडले. म्हातारीवर असं ओरडायला नको होतं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "कापडात बांधलेली पोथी हाय, तूच उंचावर ठिवलीस. हाताला लागली. गुरुवारचं तिला तशीच ठिवू व्हय?"

"आत्याबाई, ती आपली नाही. आपांची आहे."

"मंग आपांची हाय म्हनून बिनपूजेची ठिवायची व्हय?"

माझ्या डोळ्यांपुढे फक्त आपांचे मालक होते. त्यांच्या घरी अदब राहणार नाही, असं ते म्हणाले होते, आणि आपांनी जबान दिली होती. आता ते म्हणणार, बघ. आपांची बावीस वर्षांतली एकुलती एक हमी माझ्या घरात मोडली होती. शिवाय दिवस असे आहेत की कोणी एक फोटो काढला तर गावभर काय होईल सांगता येत नाही.

मी ओढणी सोडली. आतला ग्रंथ कोरडा आणि स्वच्छ होता, पानाला काही लागलेलं नव्हतं. तेवढं बघून हायसं वाटलं, आणि मग मी मूर्खपणा केला. मोरीत नेऊन ओढणीला साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे घरातली लहान पोरगीही सांगेल, मीही सांगितलं असतं. पण घाई झाली होती. पिवळा डाग होता तो लाल झाला आणि घासेल तसा पसरला. ओढणी उन्हात वाळवली, लिंबू लावलं. डाग थोडा फिकटला, पण गेला नाही.

शनिवारी मी सेलूला गेले. कापडाच्या दुकानात तोच फिकट हिरवा रंग मिळाला, अर्धा मीटर घेतलं. नव्या कापडात गुंडाळून द्यायचं, जुनं उंदरानं कुरतडलं म्हणायचं, असं बसमध्ये ठरवलं. घरी येऊन गुंडाळूनही बघितलं. पण जुनं कापड त्यांच्या आईच्या ओढणीचं होतं. उंदराचं नाव मी कोणत्या तोंडानं घेणार होते?

रविवारी सकाळी ग्रंथ, डागाची ओढणी आणि नवं कापड, तिन्ही घेऊन मी आपांच्या घरी गेले. मालक सुटीचे घरीच होते. मला तर पळून जावंसं वाटलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, सासूबाईंचं कुंकू, माझा साबण, सेलू.

मालकांनी दोन्ही हातांनी ग्रंथ घेतला. "आमच्यात हे चालत न्हाई, बाई."

"माहीत आहे. चूक झाली."

ते खाटेवर बसले आणि एकेक पान उलटत गेले, कुठं डाग आहे का बघत. खूप वेळ लागला. आपा दाराशी उभ्या होत्या. मधल्या पानांत मोरपीस निघालं. त्यांनी ते उचललं, बघितलं.

"इथवर झालं?"

"हो."

त्यांनी मोरपीस होतं तिथंच परत ठेवलं, ग्रंथ मिटला, आपांच्या हातात दिला आणि शेळीला पाला टाकायला मागे गेले. जबान राहिली की गेली, ते काही बोलले नाहीत.

आपा ओढणीकडे बघत होत्या. "हळद पिवळी असती. ह्ये लाल झालंय."

"साबणानं."

"साबन कशाला लावला?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून."

त्यांनी डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हातारीनं लावलं ते अदबीनं लावलं. तुमी धुतलं ते भिऊन धुतलं. बावीस वरसं झाली बाई. मला भ्याल्या?"

त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच रडले, आणि माझं डोकं तापतं तेव्हा त्या मला बाहेर पाठवतात तशा आज पाठवत नव्हत्या. तिथंच उभं राहून मला रडावं लागलं.

मग त्यांनी सेलूचं नवं कापड बोटांत चोळून बघितलं आणि "नातीला झबलं होईल," म्हणून बाजूला ठेवलं. खाली बसून त्यांनी ग्रंथ त्या जुन्या ओढणीतच बांधला. डाग आत दुमडता आला असता, तो त्यांनी वर ठेवला. आणि गाठ मारून ग्रंथ माझ्या हातात परत दिला.

"निम्माच झालाय न्हवं? पुरा करा," त्या म्हणाल्या. "आन् कापड आता धुऊ नका."