शूटआउटला बाहेर जाणारा

मला एका जागी बसता येत नाही. शाळेतही येत नव्हतं. आमच्या पीटीच्या सरांनी कुठून तरी जुन्या हॉकी स्टिका आणल्या आणि पोरांबरोबर पोरींच्याही हातात दिल्या, तेव्हा मला त्यांनी उजव्या कडेला उभं केलं. म्हणे ही पोरगी तशीही पळतच असते. आता मी कामरगावात शिलाईचं दुकान चालवते, केस पिकायला लागलेत, पण भारताची मॅच लागली की पाय मशीनच्या पायडलवर आपोआप चालायला लागतात. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, नुसती मशीन खडखडते आणि सगळे ओरडतात, "ताई, बंद कर वो ते!"

सगळे म्हणजे तिघं. माझा धाकटा भाऊ आणि शाळेच्या टीमपासूनचे त्याचे दोन दोस्त. एक आमच्या गावातला जैन किराणावाला, दुसरा एसटीत कंडक्टर. गाव सारं क्रिकेटवेडं. हॉकीची मॅच लावा म्हटलं तर हॉटेलवाला तोंडाकडे पाहतो. घरी यांना कोणी रिमोट देत नाही, म्हणून टीव्ही माझ्या दुकानात, आणि चहाही माझ्याच गळ्यात.

त्या तिघांत माझा भाऊ पनवती ठरला त्याला बरीच वर्षं झाली. कधीतरी एका मॅचमध्ये तो लघवीला बाहेर गेला आणि इकडे आपला गोल झाला. पुढच्या मॅचलाही नेमकं तसंच घडलं. झालं, मग तो कायदाच झाला. सामना अडकला की किराणावाला म्हणायचा, "जाय बे बाहेर!" आणि हा चप्पल घालून मुकाट जायचा. हसत जायचा, बरं का. आपण जिंकलो की धावत आत येऊन सगळ्यांत जास्त तोच नाचायचा, "मी गेलो म्हनून जिंकले!" शाळेच्या टीममध्ये खेळायला सगळ्यांत चांगला तो, आणि बरोबरी झाली की निकालासाठी होतो तो शूटआउट त्याने जन्मात पाहिला नव्हता. बाहेर उभं राहून आमच्या आरडाओरड्यावरून काय झालं ते ओळखायचा.

दारू नेमकी कधी लागली हे मला सांगता येणार नाही. तो कामरगाव-कारंजा जीप चालवायचा. आधी संध्याकाळी प्यायचा, मग दुपारी, मग सकाळी जीप काढायच्या आधी. नातेवाईक म्हणाले, गळ्यात माळ घाला, सुटते. घातली. तर हा पठ्ठ्या माळ खुंटीला टांगून प्यायला जायचा आणि परत येऊन घालायचा. काय बोलावं अशा माणसाला! एक दिवस इंझोरीच्या वळणावर भरलेली जीप नालीत घातली. कोणाचा जीव गेला नाही, खरचटण्यावर निभावलं. त्याच आठवड्यात माझी भावजय पोरीला घेऊन मेडशीला माहेरी निघून गेली. जाताना माझ्याशी शांतपणे बोलली, "पुन्हा प्यायला तं मी येत नाई, ताई. आता हे शेवटचं." मी तिला थांबवलं नाही. तिच्या जागी मी असते तर त्याच्या आधीच गेले असते.

मीच त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. उन्हाळा तिथेच गेला. सोडायच्या आधी तिथल्या समुपदेशक मॅडमनी मलाही आत बोलावलं आणि माझ्यासमोर त्याला विचारलं, "सगळ्यात जास्त प्यावंसं कधी वाटतं?"

मला वाटलं म्हणेल, बायको गेली तेव्हा, जीप घातली तेव्हा. तो म्हणाला, "मॅच बरोबरीत असली का."

मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या. मी पनवतीचा सारा किस्सा सांगितला आणि सांगता सांगता मलाच हसू आलं. त्या हसल्या नाहीत. "बाहेर पाठवल्यावर ते कुठे थांबायचे?" त्यांनी विचारलं. मी म्हणणार होते, कुठे म्हणजे, शटरजवळ. तेवढ्यात तोच बोलला.

"स्टँडामागं. पयले शटरजवळच उभा राहो. मंग आतून तुमचे आवाज आले का जीव असा होये... कोनं घातला गोल, कायी समजे नाई. सहन नाई होये. म्हनून मंग जाओ."

स्टँडामागे देशीचं दुकान आहे. माझ्या कानशिलापासून आग निघाली. त्याचा राग आला, त्या दोघांचा आला, त्या खेळाचा आला, त्या मॅडमचाही आला; आम्ही इतकी वर्षं जे विचारलं नाही ते ही बाई एका दमात कशी विचारते! घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. तो एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून बसला होता, आणि मध्येच म्हणाला, "ताई, भूक लागली." मग काय, स्टँडवर भजी घेतली.

नंतर वाशीमला सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागलो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला एवढंच बजावलं, की तल्लफ उसळून येते, पण थोडा वेळ कसाबसा काढला तर आपोआप उतरते. तेवढ्या वेळात माणूस एकटा नको. मी ते डोक्यात घट्ट बसवलं. जीप विकायला काढली आणि त्याला माझ्या दुकानात काज-बटण करायला बसवलं. सुईत दोरा ओवताना त्याचे हात थरथरायचे. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करायची. ओवून दिलेलं त्याला चालायचं नाही, चिडायचा.

आणि मग सेमीफायनल आली. तो परत आल्यावरची पहिली मोठी मॅच.

आदल्या दिवशी तो गिऱ्हाइकाकडे ब्लाउज द्यायला गेला होता, तेव्हा ते दोघं दुकानात येऊन बसले.

"ताई, त्याले मॅच दाखवू नोको," कंडक्टर म्हणाला. "सुट्टी दे एक दिवस. मेडशीले पाठव, पोरीले भेटून येईन."

"मॅचच्या दिवशी?" किराणावाला उसळला. "त्याचं दुसरं हाय काय बे? दारू सोडली, जीप सोडली, आता हॉकी बी सोडू का? मंग तो जगन कायच्यासाठी?"

"पेनल्टी कॉर्नर लागून नाई राह्यले आपले. मॅच जाईन शेवटपर्यंत. शूटआउट होईन, पाह्यजो तू. तवा काय करशीन?"

"कॉर्नर लागतीन. कॉर्नर मारनारं पोरगं नवं हाय, मनानं दबून राह्यलं. टीमसंग आता मनाचा डॉक्टर राहते म्हनते, काढन तो त्याची भीती."

"मनाचा डॉक्टर? टीमसंग?"

"मंग! ते एवढाले धट्टेकट्टे खेळाडू डॉक्टरपुढं बसून सांगतेत का मले भेव लागते म्हनून. आन आपल्या गावात वाशीमची गोळी डब्यात लपवून खा लागते. लोक म्हनतीन येडा झाला."

मला वाटलं कंडक्टर पुन्हा कॉर्नरवर येईल. तो तिकिटं फाडणाऱ्या बोटांनी माझी खडूची वडी कुस्करत म्हणाला, "ताई, ते डॉक्टरीणबाई कोन्या दिवशी बसते?"

"कायले रे?"

"झोप नाई येत मले. लय दिवस झाले. गाडीत बसलो का छातीत धडधड होते."

बाप्पा! रोज भेटणारा माणूस, आणि याला झोप येत नाही हे आम्हाला माहीत नाही. मी त्याच्या हातातून खडू काढून घेतला आणि म्हणाले, पुढच्या खेपेला आमच्याबरोबर चल, नाटकं करू नको.

तेवढ्यात भाऊ दारात. "मायी गोष्ट करून राह्यले का टीमची?"

"दोन्हीची," मी म्हणाले. खोटं बोलणं मला जमत नाही.

"मंग सांगा, कोनाचे चान्स जास्त हाय?"

"टीमचे," किराणावाल्याने पटकन सांगितलं, आणि सगळे हसलो. तोही हसला. पण पुढे अर्धा तास त्याच्या सुईत दोरा जाईना.

मॅचच्या दिवशी मी दुपारपासून येरझाऱ्या घालत होते. गिऱ्हाइकांवर खेकसले. एकीच्या ब्लाउजची बाही उलटी लावली. संध्याकाळी मॅच सुरू झाली आणि चौघंही टीव्हीला चिकटलो. आधी त्यांचा गोल, मग आपला. पुन्हा त्यांचा. शेवटच्या काही मिनिटांत आपल्याला कॉर्नर मिळाला आणि त्या नव्या पोराने काय सणसणीत मारला! दुकानात नुसता धिंगाणा. भाऊ बाकड्यावर चढून नाचला. आणि मग भोंगा वाजला, बरोबरी झाली. शूटआउट.

किराणावाल्याच्या तोंडून सवयीने "जा..." निघालं आणि त्याने ते तसंच गिळलं. पण बोलायची गरजच नव्हती. भाऊ आपणच उठला. चेहरा पांढरा पडला होता, चप्पल पायात सरकवायला लागला.

मी त्याच्या आधी दाराशी गेले आणि शटर खाली ओढलं.

"ताई, सरक."

"नाई."

"सरक म्हनतो ना! मी बसलो तं हारतीन!"

"हारू दे!"

त्या दुकानात हा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता. कंडक्टर दचकून म्हणाला, "ताई, काय बोलून राह्यली!" मी मोकाट सुटले होते. "हारू दे म्हनलं! तिकडं मैदानात त्याईले मालूम तरी हाय का कामरगाव कुठी हाय ते? त्याईचं ते पाहून घेतीन. तू कुठी जाऊन राह्यला, मले मालूम नाई का? बस तिथं, भैताडा!"

खरं सांगू? मलाही वाटत होतं की हा बसला तर हरतील. इतक्या वर्षांचं ते डोक्यातून असं जात नाही. मला ती मॅच हवी होती, फार हवी होती. तरी मी शटरला पाठ लावून उभी राहिले.

तो माझ्यापुढे उभा. घाम येत होता, जबडा हलत होता. वाटलं, आता हा मला ढकलतो. ढकललं असतं तर मी काय करणार होते, मला माहीत नाही. मग कंडक्टर बाकड्यावर सरकला आणि त्याने मोकळ्या जागेवर हात आपटला. "ये बे. बस. मले एकट्याले पाहवत नाई."

तो बसला. किराणावाल्याने त्याचा गुडघा दाबून धरला, कारण तो गुडघा नुसता उडत होता. आणि माझ्या भावाने जन्मातला पहिला शूटआउट पाहिला. एकेक खेळाडू चेंडू घेऊन धावत येतो, आठ सेकंद, समोर एकटा गोलकीपर. आपल्या गोलकीपरने दोन अडवले. दुसरा अडवला तेव्हा भाऊ असा ओरडला की टीव्ही पडतो की काय वाटलं. आपल्याही दोघांचे हुकले. शेवटचा आपला पोरगा उजवीकडे वळला, फिरला, चेंडू मारला, तो खांबाला लागला. त्यांच्या शेवटच्याने घातला. हरलो.

शटर बंद, उकाडा, चौघं घामाघूम.

"पाह्यलं?" भाऊ खाली बघत म्हणाला. "म्हनलं होतं ना मी."

"गप बे," किराणावाला म्हणाला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते त्याने पुसलंही नाही. "खांबाले लागला. खांब काय तुया हाय का?"

मी शटर वर केलं. दिवेलागण झाली होती, बाजारपेठेत गर्दी होती. किराणावाला दुकान उघडायला गेला, कंडक्टरला पहाटे पहिली गाडी होती, तोही गेला. भाऊ उठेना. मी पसारा आवरला, कात्र्या ठेवल्या, दिवा घालवला, तरी हा बाकड्यावरच.

"आता काय झालं? घरी नाई जा लागत का?" मी ओरडले.

त्याने वर पाहिलं. चाळिशीचा माणूस, एका पोरीचा बाप. "ताई, भेव लागून राह्यलं," तो म्हणाला. "स्टँडापासून जा लागते. हात धर माया."

मी म्हटलं, "मंग मागच्या गल्लीनं जाऊ ना."

"नाई. रोज तं इकडूनच जा लागन."

मी त्याचा हात धरला. तो ओला होता, गार होता. बाजारपेठेतून निघालो तर लोक वळून पाहायला लागले. पानठेल्यावरच्या एकाने काहीतरी म्हटलं, मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप झाला. स्टँड आलं. देशीच्या दुकानाचा उजेड, बाहेरची गर्दी, तो वास. भावाने माझा हात इतका आवळला की बांगड्या मनगटात रुतल्या. त्याचे पाय मंदावले, थांबलेच जवळजवळ. मी ओढलं नाही, आपणही थांबले. मग तो एकदम बोलायला लागला, मान सरळ समोर ठेवून, भराभर. "दुसरा अडवला ना गोलकीपरनं, तवा तो पयले पडलाच नाई, ताई, पाह्यलं तू? थांबला. समोरच्याले वळू देल्लं अन् मंग पडला..."

"मंग?" मी म्हणाले आणि चालायला लागले.

तोही चालला. सांगत राहिला, सगळ्यांचं, एकेकाचं, कोण कुठून आला, कुठे वळला. दुकान मागे पडलं, गर्दी मागे पडली, आमची गल्ली आली, तरी तो बोलतच होता आणि माझा हात त्याने सोडला नव्हता.