एव्हारिस्तोची घंटेची शर्यत

डोळ्यांनी एव्हारिस्तो एचेपारेचं दोनदा वाटोळं केलं. पहिल्यांदा तो अठराचा होता. विमानदलाच्या डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, खालच्या ओळीला गडी अडखळला, आणि डॉक्टरने मान वर न करताच सांगितलं, "घरी जा, पोरा." तो आपल्या गावी, तांदीलला, परत आला आणि जन्मभर लोकांची कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करत राहिला.

आता परत येऊन राहायचं ते नेमकं तांदीलला, म्हणजे जखमेवर मीठच. गावाबाहेर विमानदलाचा तळ, आणि तिथली मिराज विमानं टेकड्यांवरून अशी यायची की खिडक्यांची तावदानं थरथरायची. दुपारी झोपलेल्या बायका शिव्या घालायच्या. एव्हारिस्तो मात्र तोंडात धरलेला स्क्रू तसाच ठेवून गिऱ्हाइकाच्या अंगणात धावायचा. पुढे विमानं म्हातारी झाली, निवृत्त झाली, आकाश गप्प झालं. गाव म्हणालं, चला, आता दुपारची झोप तरी मिळेल. एव्हारिस्तोची दुपारची झोप त्या दिवसापासून बिघडली.

मग त्याने मागच्या खोलीत स्वतःचं मिराज बांधलं. खोटं, अर्थात. समोर संगणकाचे तीन पडदे, बसायला भंगारातल्या ट्रकची खुर्ची, आणि हाताखाली यंत्रांची जुनी बटणं. इंधनाच्या पंपाचं बटण एका हॉटेलच्या ड्रायरचं होतं, त्याला मधोमध चीर होती, बोट लावलं की कळायचं. त्याची बायको देल्फिना हसायची. "म्हाताऱ्या, यात एकदा चादरी टाकून बघते, धुऊन निघतील." पण खोलीत पाऊल टाकायची नाही. हे तुझं, स्वयंपाकघर माझं, असा त्यांच्यात करार होता.

गावात असे खुळे आणखीही होते. त्यांचा क्लब होता, आणि क्लबचा म्होरक्या कीके बोनाविता. हा सबंध दिवस औषधाच्या दुकानात बसून कंटाळायचा आणि संध्याकाळी माइकवर सगळ्यांची सालटी काढायचा. दर हिवाळ्यात क्लबची एक शर्यत व्हायची, तिला ते घंटेची शर्यत म्हणत. लढाऊ विमानांच्या तळावर धोक्याची घंटा झाली की वैमानिक पळत सुटतात, त्याचीच ही नक्कल. सगळे आपापल्या घरी बसायचे, कॅमेरा चालू, दोन्ही हात डोक्यावर. कीके दुकानातली पितळी घंटा वाजवायचा. मग बंद पडलेल्या थंड विमानाला जागं करायचं, धावपट्टीवर आणायचं, आणि ज्याची चाकं आधी जमीन सोडतील तो जिंकला. उतरायचं नाही, लढायचं नाही. नुसतं उठायचं.

यंत्र बिघडलं तर दुसरी घंटा, म्हणजे शर्यत पुन्हा पहिल्यापासून, मागता यायची, पण काय बिघडलं आणि कोणामुळे, ते सगळ्यांच्या देखत माइकवर सांगावं लागे. मागच्या वर्षी क्लबातल्या लार्राल्देच्या तारेत त्याच्या जावयाचा पाय अडकला, आणि लार्राल्देने ते माइकवर सांगितलं. बिचाऱ्याला अजून गावात घातपाती म्हणतात. बेकरीवालीसुद्धा म्हणते, "काय घातपाती, पाव देऊ का?"

एव्हारिस्तो कधी जिंकला नव्हता. दुसरा आला, चौथा आला, एकदा विमान गवतात रुतवून बसला. आणि या वर्षी उन्हाळ्यात डोळ्यांनी दुसरा डाव टाकला. बघावं तिथे मधोमध डाग. डॉक्टरीणबाई चांगली होती, हात धरून बोलली. कडा राहतील म्हणाली, मधलं जाईल, आणि यंदाचं ठीक, पण पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत पडद्यावरचं काही दिसेल असं धरून चालू नका. हे देल्फिनाला ठाऊक होतं. क्लबात कोणाला नाही. कीव त्याला सहन होणारी नव्हती, आणि कीकेची तर मुळीच नाही.

पण गंमत बघा, ही एकच शर्यत अशी होती की मधलं दिसलं नाही तरी चालतं. बटणं बोटांना पाठ. धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायच्या, त्या पायातल्या पेडलांनी सारख्या ठेवल्या की विमान सरळ. सगळा उन्हाळा त्याने तेवढंच केलं. उठायच्या आधी विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा एकदा सगळीकडे फिरवून बघायचा असतो, विमान ऐकतंय ना म्हणून. तेही त्याने सोडून दिलं, तेवढाच वेळ वाचतो. खरा वैमानिक हे कधी सोडत नाही. पण सरावात तो सगळ्यांच्या आधी उठत होता, आणि माणसाला आणखी काय हवं असतं? एकदा, फक्त एकदा, पहिला हवेत. मग डोळे गेले तरी जाऊ देत, असं तो देल्फिनाला म्हणाला होता. तिने त्याच्या बशीत आणखी रॅव्हिओली वाढले.

शर्यतीच्या रविवारी सकाळी त्याने सगळं तपासलं. एकूण एक तार. या छंदातल्या लोकांचा तारांवर जीव असतो, आणि त्याला कारण आहे. कोणती तार संगणकाच्या कोणत्या भोकात आहे ते यंत्र लक्षात ठेवतं. शेजारच्या भोकात घातली की जन्माची ओळख विसरतं, दांडा हलवत बसा, विमान ढिम्म. म्हणून क्लबातल्या प्रत्येकाच्या घरी 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. एव्हारिस्तोच्या घरी नव्हती. लागलीच नव्हती कधी.

जेवण झालं, आणि डोळ्यांना आराम म्हणून तो झोपला.

उठून खोलीत आला तर लिंबाचा वास. देल्फिना दारातच उभी होती, एप्रनच्या टोकाशी चाळा चालू. "आज कॅमेऱ्यात सगळं गाव बघणार," ती म्हणाली. "जरा झटकून घेतलं. रागावू नकोस."

"रागावतो कशाला," तो म्हणाला. वेळ झाली होती, कीकेचा आवाज येतच होता. एव्हारिस्तोने कान दुखतात म्हणून हेडफोन सोडले होते, सगळं स्पीकरवर. देल्फिना स्टूल ओढून मागे बसली, माते नावाच्या तिकडच्या कडू चहाचा पेला आणि गरम पाण्याचा थर्मास मांडीशी. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच बघायला बसली होती.

"हात डोक्यावर, म्हाताऱ्यांनो," कीके म्हणाला. "एचेपारे, खोली काय चकाचक आहे रे. लग्न आहे की काय?"

देल्फिना मागे खुदकन हसली. घंटा वाजली.

बोटं धावली. चीर असलेलं बटण, पंप, मग पुढचं, मग इंजिन. स्पीकरमधून घरघर उठली आणि खुर्चीतून कंबरेपर्यंत आली. डाव्या हाताने जोर दिला तसं विमान हललं. धावपट्टीवर तोच पहिला. "अरे बापरे, एचेपारे पुढे आहे," कोणीतरी म्हणालं. दोन्ही कडा सारख्या. वेग चढला. त्याने दांडा ओढला.

नाक उठलं नाही.

पुन्हा ओढला, पोटापर्यंत ओढला. विमान रुळावरच्या गाडीसारखं सरळ पळत राहिलं, धावपट्टी संपली, गवत आलं, कुंपण आलं, आणि पडदे लाल झाले. स्पीकरवर हशा पिकला. "गवत कापायला निघाला," लार्राल्दे म्हणाला. मागून दुसरं विमान उठल्याचा आवाज आला. जिंकलं कोणीतरी.

एव्हारिस्तोने वाकून संगणकाच्या पाठीमागे हात घातला. तारा पुसून मऊ झाल्या होत्या. एका मापात, ओळीने, केसांच्या रबराने बांधलेल्या. दांड्याची तार होती तिथून एक भोक खाली.

"थांबा, थांबा," कीके म्हणाला, हसू आवरत. "दांडा मेलेला दिसतोय त्याचा. एचेपारे, तार का? सांग बाबा, दुसरी घंटा देतो. कोणाचे पराक्रम?"

त्याने फक्त तोंड उघडायचं होतं. तार एक भोक वर घालायची, पुन्हा घंटा, आणि या गावात आज त्याच्याइतका वेगात उठणारा कोणी नव्हता, हे त्याला आत्ताच कळलं होतं. पुढचा हिवाळा नव्हता. मागे देल्फिना बसली होती. थर्मासचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं होतं. तिला तारांचं काही कळत नव्हतं. उद्या बेकरीत घातपाती म्हणून हाक आली की कळलं असतं.

"तार ठीक आहे," एव्हारिस्तो म्हणाला. "माझे डोळे गेलेत, कीके. धावपट्टीचा शेवट दिसला नाही. उन्हाळ्यापासून असंच आहे."

हसणं थांबलं. कोणीतरी खोकलं. 

"सांगायचंस ना, गड्या," कीके म्हणाला. आवाजच बदलला होता त्याचा, दुकानात आजाऱ्यांशी बोलतो तसा. "बरं. पुढच्या वर्षी घंटा तू वाजव. काय? तुझ्या हाताने वाजव."

बाकीचे म्हणाले, हो हो, एचेपारेच वाजवणार. एव्हारिस्तोने आभार मानले आणि यंत्र बंद केलं. पंपाचं बटण त्याने सर्वांत शेवटी दाबलं.

देल्फिना उठली. तिला वाटलं होतं डाग अजून लहान आहे, कडा पुष्कळ आहेत. तो खोटं का बोलेल, तेही साऱ्या गावासमोर? "म्हाताऱ्या, मला का नाही सांगितलंस," ती म्हणाली, आणि रडू आवरत तिने त्याचा दंड धरला. "इथे पाय जपून टाक. खाली फरशी ओली आहे."

त्याला फरशी दिसत होती. बादलीही दिसत होती, दारही. पण त्याने पाय चाचपत टाकला, आणि तिने धरून नेलं तसा तो स्वयंपाकघरापर्यंत गेला.