स्कंदरबेगच्या बकऱ्या, मुक्काम कुरखेडा

"मास्तर, तू ठार वेडा आहेस," असं प्रमोदला फोनवर सुनावलं आणि दुसऱ्याच दिवशी मी बॅग भरली. प्रमोद माझा कॉलेजातला मित्र. मूल या गावी शाळेत शिकवतो आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांसाठी नाटकं लिहितो. या वेळी त्यानं गाठला थेट अल्बेनियाचा स्कंदरबेग! मूठभर डोंगरी माणसं घेऊन तुर्की सुलतानाला पंचवीस वर्षं झुंजवणारा वीर. वडशाच्या कंपनीमालकाची अट होती, एका तरी गावानं बुकिंग केलं तरच नाटक लावणार.

नागपूरहून उमरेड, नागभीडमार्गे मूल, चार तास धरा. उमरेडला तर्री-पोहे खाऊन घ्या. दुसऱ्या दिवशी प्रमोदला घेऊन गडचिरोली, आरमोरी करत कुरखेडा. दसरा नुकताच झालेला, दोन्हीकडं धान पिवळं पडत आलेलं. गाडीत तेल गडचिरोलीतच भरा. आरमोरीला भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे, शंभर रुपयांत पोट टम्म! प्रमोदनं मात्र नुसता भात चिवडला. तीन वर्षं राबला होता बिचारा या नाटकावर.

कुरखेड्याजवळच्या एका गावात, खळ्यावर, बुकिंग करायचं की नाही ते ठरवायला गावच्या मंडळाची माणसं तालीम बघायला बसली होती. अध्यक्ष दामोदरभाऊंनी सुरुवातीलाच फटकारलं, "आपले वीर सरले का, मास्तर? हा परदेशातला काऊन आणून राह्यले?"

"एक प्रसंग पाहा भाऊ, मग बोला," प्रमोद म्हणाला.

प्रसंग दंतकथेतला. स्कंदरबेगनं बकऱ्यांच्या शिंगांना दिवे बांधून त्या डोंगरावर सोडल्या, शत्रूला वाटलं केवढं हे सैन्य! प्रमोदनं गावातल्या अंजनाबाईंच्या वीस बकऱ्या मागून आणल्या, शिंगांना छोट्या बॅटऱ्या बांधल्या. दिवस मावळला तशा त्या खळ्यामागच्या टेकडीकडं सोडल्या. अहो, बकऱ्या टेकडीवर कशाला जातील? घरी जायची वेळ ती! सगळ्या वळल्या गावाकडं, मधे तुर्की सैन्य होऊन उभ्या नटांमधून. सुलतान आडवा! लोक हसून हसून लोळले. प्रमोद डोकं धरून खाली बसला. मला रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात अंजनाबाई पदर खोचून उठल्या. "हसता काऊन रे? माह्या बकऱ्या अनोळखी माणसाचं आयकत नाई!" त्यांनी जीभ टाळूला लावून टकटक आवाज केला आणि टेकडी चढायला लागल्या. बकऱ्या वळल्या. एकामागं एक दिवे अंधारात वर वर जाऊ लागले. हसणं थांबलं.

दामोदरभाऊ दिवे बघत खळ्याच्या कडेपर्यंत गेले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, तुमच्या स्कंदरबेगापाशी खरंच मूठभरच लोक होते?"

"मूठभरच, भाऊ."

"मंग लावा नाटक. पण अंजनाबाई पाह्यजे."

"मले रोजचं जमणार नाई," वरून आवाज आला. "धान कापनं हाय. या गावापुरती येतो."

आता नागपुरात बसून हे लिहितेय. बुकिंग चार गावांचं झालंय आणि प्रमोद रोज फोनवर कुरकुरतो, की प्रत्येक गावात नव्या बकऱ्या, नवी बाई, पुन्हा पहिल्यापासून समजावणं. मी त्याला म्हटलं, तुझ्या स्कंदरबेगनं तरी दुसरं काय केलं? एकेका डोंगरावरच्या सरदाराच्या दारात जाऊन हेच की. तो म्हणाला, "ठेव फोन. वैरागडला एक बकऱ्यांवाली म्हातारी आहे, ती तयार नाही. तिच्याकडं निघालोय."