ताईच्या सासऱ्यांच्या माळा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढे म्हणून बायकांचे गळे आहेत, ते परमेश्वराने आपल्यासाठीच रिकामे ठेवलेत, अशी माझ्या ताईच्या सासऱ्यांची प्रामाणिक समजूत आहे. बिनमाळेची बाई दिसली की खोकणारा माणूस दिसल्यावर डॉक्टरचे चमकावेत तसे त्यांचे डोळे चमकतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. राहतात नौपाड्यात. सगळी नोकरी कोलशेतच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात झाली. यंत्रांचे सुटे भाग मोजायचे आणि केसभर चूक निघाली तरी माल परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर परत पाठवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ते काकूंच्या पोळ्यांची गोलाई तपासायला लागले आणि त्या घरात महायुद्धाची चिन्हं दिसू लागली. अशा वेळी काकूंचं मंगळसूत्र तुटलं, ही देवाची कृपाच म्हणायची.

सोनार म्हणाला, ठेवून जा, गाठवायला चार दिवस लागतील. काका दुखावले. "मणी दोऱ्यात घालायला चार दिवस? मी जेवायच्या आत करून देतो!" ते जेवण टळलं, त्यानंतरचीही बरीच टळली. काळे मणी पलंगाखाली, देव्हाऱ्यात, एक तर थेट काकांच्या श्रवणयंत्राच्या डबीत सापडला. काकू तोवर दोऱ्यात हळकुंड बांधून वावरत होत्या आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला "आमच्याकडे कारखाना सुरू झालाय" असं सांगत होत्या. शेवटी मंगळसूत्र झालं, आणि चांगलं झालं. पण काकांचे हात काही थांबेनात. त्यांनी ठाण्यातल्याच एका दागिने बनवण्याच्या वर्गात नाव घातलं. वर्गभर बायका आणि एकटे काका. शिकवणारी मुलगी आदराने म्हणाली, "काका, मिसेसना न्यायला आलात का? क्लास सुटायला वेळ आहे अजून." काका म्हणाले, "नाही बाळ, मला कानातल्याचा आकडा वळवता येत नाही. तो शिकायला आलोय." मग तिने सगळ्यांना सारख्या आकाराचे मणी वाटले. काकांनी खिशातून कारखान्यातलं मोजायचं व्हर्निअर काढलं आणि वर्ग संपेपर्यंत त्यातले निम्मे मणी नापास केले. पुढच्या आठवड्यात बायका आपापले मणी घेऊन त्यांच्यासमोर रांगेत उभ्या होत्या म्हणे.

घराची कळा तर विचारूच नका. काकूंचं अप्पेपात्र काकांनी जप्त केलं, कारण प्रत्येक खळगीत एकेक रंग छान राहतो. त्या घरातून अप्पे हद्दपार झाले ते झालेच. पांढरे मोती ठेवायला त्यांनी स्वयंपाकघरातली एक रिकामी बरणी शोधली. ती पूर्ण रिकामी नव्हती, तळाशी साबुदाणा होता. एकादशीला ताईच्या नवऱ्याच्या दाढेखाली काहीतरी कडकन वाजलं. काका टेबलावरून उठून धावत आले. "आ कर, आ कर! चरा तर पडला नाही ना?" मुलाला वाटलं बापाला दाढेची काळजी आहे. काकांनी मोती धुतला, उजेडात धरला आणि समाधानाने म्हणाले, "पास आहे."

सगळ्यात कठीण म्हणजे त्यांना बरोबर घेऊन बाहेर पडणं. एकदा शेअर रिक्षात समोर बसलेल्या बाईंच्या गळ्याकडे ते इतका वेळ रोखून बघत राहिले, की काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला. तरी हे म्हणतातच, "ताई, राग मानू नका, पण तुमची ही कडी स्टेशनपर्यंत टिकणार नाही." आणि खिशातून बारीक पकड काढून चालत्या रिक्षात कडी दाबून दिली. बाई आभार मानून उतरल्या. काकूंनी मात्र घरात पाऊल टाकताच काकांना धरलं. "म्हातारपणी असं बायकांच्या गळ्याकडे बघत बसणं शोभतं का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा काका चकित होऊन म्हणाले, "मी गळा कुठे बघतो? मी गाठ बघतो!"

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हे संकट माझ्याच गळ्यात आलं. "वधूच्या आईची माळ माझ्याकडे," असं काकांनी जाहीर केलं. हिरव्या काचमण्यांची सातपदरी माळ. किती दिवस ते त्यात बुडाले होते. मजबुतीची खात्री करायला त्यांनी ती खुंटीला अडकवून तिला तूरडाळीची पिशवी टांगली आणि तिचा फोटो मला, कोपरला आमच्या घरी, मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, 'डाळ पडली नाही.' माळ सुरेख होती. मी ती घालून डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये एवढी ताठ चालत होते की भटजींनीही मला नवरदेवाकडची समजून वाकून नमस्कार केला.

माझ्या विहीणबाई म्हणजे अत्यंत करारी बाई. बोलणी सुरू झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि मुलीचं कसं होणार या धास्तीने माझी झोप उडाली होती. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि आम्ही दोघींनी रीतसर गळाभेट घेतली. वेगळ्या व्हायला गेलो, तर होता येईना. त्यांच्या पाटलीची कडा माझ्या माळेत अडकली होती. "थांबा," मी म्हटलं. "तुम्ही थांबा," त्या म्हणाल्या. दोघींनीही हिसका दिला. सात पदर एकदम सुटले आणि स्टेजभर गारांचा पाऊस पडावा तसे मणी उसळले. सनईवाल्याचा सूर अर्ध्यात तुटला. आणि त्या शांततेत काकांचा कारखान्यातला आवाज घुमला, "कोणीही पाय उचलायचा नाही!"

पाहुणे जागच्या जागी पुतळे झाले. भटजी एका पायावर. काका पालथे पडून मोबाईलच्या उजेडात स्टेजखाली सरपटत होते. आणि माझ्या कानाशी काहीतरी खिदळल्यासारखं झालं. विहीणबाई! तोंडाला पदर लावून गदागदा हलत होत्या. मग त्यांनी शालू खोचला, खाली बसल्या आणि मणी वेचायला लागल्या. "अहो, बघताय काय, द्रोण आणा!" त्यांनी आपल्या भावाला फर्मावलं. दोन्हीकडची माणसं गुडघ्यांवर आली, डोक्यावर डोकी आपटली, आणि जेवणं सुरू होईपर्यंत कोण कुठल्या पक्षाचं ते कोणाला सांगता आलं नसतं.

काका मात्र जेवले नाहीत. भरलेले द्रोण मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले. "माल रिजेक्ट झाला गं," एवढंच मला म्हणाले. घरी गेल्यावर अप्पेपात्र घासूनपुसून त्यांनी काकूंच्या ओट्यावर ठेवलं. काकूंनी आनंदाने अप्पे केले, काकांनी मुकाट्याने खाल्ले. दुसऱ्यांदा केले तेव्हा काकूंच्याच घशाखाली उतरेनात. "अहो, निदान पोळीत तरी काहीतरी चूक काढा," त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली, "चांगली आहे."

मग एके दिवशी विहीणबाई नौपाड्याला त्यांच्या दारात उभ्या. हातात पुडी. "शालू ड्रायक्लीनला द्यायला उलगडला, तर निऱ्यांतून तुमचे हे मणी निघाले. म्हटलं, राहिलेला माल पोहोचवावा." त्या आत येऊन बसल्या. "माळ तुमच्यामुळे नाही तुटली, माझ्या पाटलीमुळे तुटली. तिची ती कडा मी कापून घेतलीय. आता मला ओवायला शिकवा." काकांनी पुडी सोडली, एक मणी उजेडात धरला. मग काकूंना म्हणाले, "अगं, ते अप्पेपात्र धुतलेलं आहे का?"

याला आता काही वर्षं झाली. काकांचे हात थरथरतात, डोळ्यांना बारीक दिसत नाही, निळ्या-पिवळ्यातला फरकही कळत नाही. सुई काकूंच्या हातात गेली. परवा दुपारी मी गेले तेव्हा दोघं खिडकीशी बसले होते. काका रंग सांगत होते, काकू ओवत होत्या. "आता दोन निळे," काका म्हणाले. काकूंनी दोन पिवळे घातले. "घातले हो निळे," असंही म्हणाल्या. काकांनी बोटं माळेवरून सावकाश फिरवली आणि म्हणाले, "छान. पुढे लाल."

मला सोडायला ते लिफ्टपर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "ती स्वतःच्याच मनाने ओवते. पिवळी काच जरा खरखरीत असते, बोटांना कळतं ना." लिफ्टचं दार उघडलं. "तिला सांगू नकोस हं," काका म्हणाले, "तिला रंग फार चांगले कळतात. एवढी वर्षं मी तिला विचारलंच नव्हतं."