उजेडाचा मास्क

लहानपणी मला तीट कधी लागली नाही. ताईच्या गालावर आई रोज काजळाचा ठिपका लावायची. मी गाल पुढे केला की म्हणायची, "तुले कशाले वं? तू तं अख्खीच तीट आहेस." सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण रडलं की तोंड आणखी काळं दिसतं असं मला सांगून ठेवलेलं होतं. ताई आईवर गेली, मी बाबांवर. बाबा रेल्वेत होते आणि पुरुष होते, त्यामुळे त्यांच्या रंगाबद्दल कोणी कधी अवाक्षर काढलं नाही.

ताई लग्न होऊन बिलासपूरला गेली. तिच्या पोराची दृष्ट आई इथून काढते. संध्याकाळी दिवा लावला की मोबाइलवर त्याचा फोटो उघडायचा, देवघरापुढे पेल्याला टेकवायचा, मीठ-मोहरी ओवाळायची आणि गॅसवर तडतडवायची. एकदा तापातून उठले होते तेव्हा म्हटलं, माझीही काढ. "काळ्याले कोणाची नजर लागते?" आई म्हणाली. तिला ती थट्टा वाटली. मला अजून वाटत नाही.

मी इथल्याच तेलीबांधा भागात लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका स्टुडिओत फोटो सुधारते. तिथल्या मालकाला सगळे भैया म्हणतात. माणूस हलकट, पण हात सोन्याचा. ल्युमिनॉसिटी मास्किंग मला त्यानंच शिकवलं. फोटोतला भाग हातानं आखायचा नाही, उजेडावरून निवडायचा. जे जितकं उजळ, ते तितकं जास्त निवडलं जातं. मग त्या निवडीचा मास्क करायचा आणि बाकी फोटोला धक्का न लावता फक्त तेवढ्याच भागावर काम करायचं.

शिकवायला त्यानं आमचाच, स्टुडिओतल्या दिवाळीचा फोटो उघडला. एक बटन दाबलं. निवडलेल्या भागाच्या कडेनं पडद्यावर बारीक तुटक रेघा मुंग्यांसारख्या पळायला लागल्या. बाकी सगळ्यांच्या चेहऱ्यांभोवती मुंग्या. मी मागच्या सोफ्यात आणि खिडकीच्या पडद्यात जमा, निवडीबाहेर.

"देखो," भैया म्हणाला, "सॉफ्टवेअर ने भी मैडम को रिजेक्ट कर दिया."

सगळा स्टुडिओ खिदळला. मग त्यानं निवड उलटी केली, अंधारी बाजू घेतली, आणि माझ्याभोवती मुंग्या धावल्या. "अब मैडम आई लाइन पे."

मी वही उघडून पायऱ्या लिहून घेतल्या. मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू होता, पण शिकले. रागानं शिकलेलं विसरत नाही. पुढे पुढे तर मला माणसं तशीच दिसायला लागली. आई उजळ भागात, बाबा काळोख्या, ताई मधल्या राखाडीच्या जरा वर.

त्याच सुमारास गोंदियाचं एक स्थळ आलं आणि माझा फोटो मागितला. मी तो स्वतः केला. कपाळावरची तेलकट चमक उजळ भागाच्या मास्कनं दाबली. केसांच्या काळ्यातून एकेक बट सोडवली. चेहऱ्याच्या मधल्या छटांना जरा धार दिली. रंगाला हात लावला नाही. काम संपलं तेव्हा पडद्यावर एक काळी, जिवंत बाई माझ्याकडे बघत होती. तिची हनुवटी बाबांची होती. मला ती आवडली. खोटं कशाला बोलू, मला ती सुंदर वाटली.

आईनं फोन डोळ्याजवळ नेला. "अंधारात काढला काय?"

"भर उन्हात काढलाय."

"मंग ऊन गेलं कुठं? जराशी उजळ कर ना. लोकायची करून राहिलीस, आपलीच काहून नाही करत?"

"आई, हीच मी आहे."

"तेच तं सांगून राहिली मी," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चकल्यांचा डबा घेऊन थेट स्टुडिओत आली. भैयानं माझा फोटो उघडला, अंधाऱ्या भागाचा मास्क घेतला आणि चहा संपायच्या आत तो भाग उजेडाकडे ओढून मला पांढरं केलं. "आंटी, इसको सब सिखाया. बस खुद पे चलाना नहीं आया." मी तिथेच बसून कोणा नवरीच्या हाताची मेंदी गडद करत होते. काम इतकं कच्चं होतं की कानामागे करडी रेघ राहिली, नाक सपाट झालं, केसांवर राख सांडल्यासारखं दिसत होतं. शिकाऊ पोट्ट्यानं केलं असतं तर भैयानंच त्याला शिव्या घातल्या असत्या. आईनं मात्र तो फोनवर घेतला, गोंदियाला पाठवला आणि त्याच्यासमोर कडाकडा बोटं मोडली. "नजर नको लागो माह्या लेकराले."

लेकरू कोण, ते मी विचारलं नाही.

गोंदियावाले रविवारी आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईनं बशी घेतली, माझ्याकडे बघून हसली आणि आईला विचारलं, "ही मोठी का? फोटोतली धाकटी कुठं आहे?"

आईचा चेहरा उतरला. "हीच हो ते. फोटोत लाइट जास्त पडला."

बाईनं फोन काढला. फोन पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोन पाहिला आणि तो नवऱ्याकडे दिला. माझ्याच्यानं राहवलं नाही. "काकू, फोटोतली स्टुडिओत राहते. घरी मीच असते."

"रंगाचं आमचं काही नाही," बाई बशी खाली ठेवत म्हणाली. रंगाचं कोणाचंच कधी काही नसतं. "पण असं खोटं काहून पाठवता हो?" आणि सगळे चपला घालून निघून गेले.

बाबा गच्चीवर निघून गेले. दिवेलागणीपर्यंत आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. मला वाटलं, आता भडका उडेल. पण ती स्वयंपाकघरात गेली आणि मुठीत मीठ-मोहरी घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले होते. "चांगलं जमत आलेलं मोडलं. कोणाची तरी नजर लागली पोट्टीले."

माझा सगळा राग तिथंच विरघळला. मी पाट ओढला आणि देवघरापुढे तिच्यासमोर बसले. पदर नीट केला. आयुष्यात पहिल्यांदा माझी दृष्ट निघणार होती.

आईनं फोन उघडला, तो भैयानं केलेला फोटो काढला आणि पेल्याला टेकवून ठेवला. मूठ त्याच्यावरून फिरायला लागली. मग आई मध्येच थांबली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"सरक जराशी. तुही सावली पडून राहिली तिच्यावर."