चार नंबरचा पट्टा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण पुढे एका ठिकाणी हसू घशात अडकणार आहे. माझं अडकलं होतं. भर सभेत, माईक हातात असताना.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे निम्मा दोष धंद्यावर ढकलता येईल. त्र्यंबक नाक्याजवळ माझं सर्जिकलचं दुकान आहे. कुबड्या, वॉकर, गरम पाण्याच्या पिशव्या आणि पट्टे. मानेचा पट्टा, कमरेचा पट्टा, पोटाचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा. पस्तीस वर्षं झाली, सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक विचारतं, "काका, पट्टा आहे का?" या जगात दुसराही कुठला पट्टा असतो, हे मला कोण सांगणार?

उरलेला निम्मा दोष माझ्या हौसेचा. आमचं एक विचारमंडळ आहे. गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात आम्ही दर महिन्याला परिसंवाद ठेवतो आणि त्याचं सूत्रसंचालन मी करतो. आवाज चांगला आहे, असं लोक म्हणतात. विषय कळतो, असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

त्या महिन्याचा विषय होता 'आदिवासींचे हक्क आणि इंग्रजी राजवट'. बोलायला येणार होत्या संध्याताई. पेठच्या डोंगरात वीसेक वर्षं काम करणाऱ्या बाई. त्यांच्याबरोबर तिकडच्या एका पाड्यावरून जिवलीबाई येणार होत्या, स्वतःची हकीकत सांगायला. सत्काराची जबाबदारी माझ्याकडे. दर वेळी तीच शाल आणि तोच नारळ देऊन मी कंटाळलो होतो. म्हटलं, या वेळी जिवलीबाईंना उपयोगी पडेल असं काहीतरी देऊ. म्हणून चार दिवस आधी संध्याताईंना फोन लावला. त्या जीपमधून घाट उतरत होत्या. निम्मे शब्द माझ्यापर्यंत येत होते आणि निम्मे दरीत पडत होते.

"ताई, जिवलीबाईंना काय हवंय?"

"काय हवं असणार काका? पट्टा हवाय."

आता बघा. सगळं नाशिक सोडून ताईंनी हे नेमकं मलाच सांगावं! मला तर हा दैवी संकेतच वाटला.

"एवढंच ना? किती दिवसांपासून त्रास आहे?"

"दिवस कसले? सासऱ्याच्या वेळेपासून. सासरा पट्ट्याची वाट बघत गेला. मग नवरा वाट बघत गेला. आता ही बघतेय."

मी स्टुलावर बसलो. कंबरदुखीने घरातली दोन-दोन माणसं गेल्याचं माझ्या उभ्या धंद्यात ऐकलं नव्हतं.

"म्हणजे घराण्यातच आहे म्हणा."

"घराण्याचं काय घेऊन बसलात? आख्ख्या पाड्यात एकाकडेही पट्टा नाही. तरी सगळे कसतात. जिवलीबाई तर लग्न होऊन आल्यापासून कसतेय."

कसतेय! माझ्या कानाला एकच कसणं ठाऊक, ते कंबरेचं. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं, की बिचारी बाई पट्टा नाही म्हणून जुन्या लुगड्याची चिंधी कमरेला आवळून डोंगर चढतेय आणि मागून सगळा पाडा तसाच चढतोय. मला गलबलून आलं. खोटं कशाला सांगू?

"माप घेतलंय का कोणी?" मी धंद्याचा प्रश्न विचारला.

"घेतलं ना, नावापुरतं. साहेब आले, लांब उभं राहून बघितलं आणि आकडा लिहून गेले. टेपसुद्धा लावली नाही."

मी हादरलो. बाईमाणसाच्या कमरेचं माप लांबून बघून? कुठला डॉक्टर होता हा?

"आणि आकडा काय लिहिला?"

"मागणी चारची होती. लिहिले दोन."

"दोन?" मी असा ओरडलो की समोरचं गिऱ्हाईक कुबडी सोडून मागे सरकलं. आमच्याकडे पट्टे एक नंबरपासून पाच नंबरपर्यंत येतात. चारच्या माणसाला दोनचा आवळला तर श्वास कोंडतो. "अहो ताई, दोनमध्ये बाईचा जीव जाईल!"

"जीवच चाललाय काका," संध्याताईंचा आवाज भरून आला. "तुमच्याइतकं शहरात कोणी समजून घेत नाही हो."

आणि फोन कटला. तेव्हा तो कटायला नको होता, पण त्या शेवटच्या वाक्याने मी एवढा फुगलो होतो, की पुन्हा लावायचं सुचलंच नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाईंना विचारलंत का, दुखतं नेमकं कुठे?" मी म्हणालो, "तुला त्यातलं काही कळत नाही." हे वाक्य मी लग्नात जेवढ्या वेळा बोललो, तेवढ्या वेळा तोंडावर आपटलोय. तरी बोलतो.

परिसंवादाचा दिवस उजाडला. सभागृह भरलेलं. मागच्या दोन रांगांत पाड्यावरची वीसेक माणसं जीप करून आलेली. व्यासपीठावर आमचे अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, शेजारी संध्याताई आणि त्यांच्याशेजारी जिवलीबाई. जिवलीबाईंना बघून मी चपापलो. बाई वेताच्या काठीसारख्या बारीक. ते लांबून माप घेणारे साहेब एकदम बरोबर वाटायला लागले. पण मागणी चारची होती. मी मनाशी ठरवलं, आपण बाईंच्या बाजूने उभं राहायचं.

संध्याताई बोलायला उठल्या आणि मला शंका आली. सत्काराच्या खोक्याचा कागद काढून बघितलं, तर दुकानातल्या पोराने घाईत तीन नंबरचा पट्टा बांधून दिलेला. स्कूटर काढली, दुकान गाठलं, चार नंबर काढला, छान चमकीच्या कागदात बांधला आणि परत आलो. या अर्ध्या-पाऊण तासात संध्याताईंनी पट्टा म्हणजे काय, तो कोण देतं, का देत नाहीत, हे सगळ्या सभागृहाला समजावून सांगितलं. ऐकायला एकच माणूस नव्हता, आणि नंतर माईक त्याच्याच हातात जाणार होता.

मी धापा टाकत वर चढलो आणि राखून ठेवलेला आवाज लावला.

"मित्रहो, सासऱ्यांच्या काळापासून जिवलीबाई ज्याची वाट बघतायत, तो पट्टा आज, आत्ता, याच व्यासपीठावर त्यांना मिळणार आहे!"

मग मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळे उभेच राहिले. पाड्यावरची माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. न्यायाधीशसाहेब चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. संध्याताई पांढऱ्याफटक. मला वाटलं, आनंदाने.

"काका, खरंच? कुठून आणलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठून म्हणजे? माझ्याकडे ढिगाने पडलेत."

जिवलीबाई उठल्या. त्यांनी चपला काढल्या, हात पदराला पुसले आणि खोका कपाळाला लावला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "चारचा हाय का दोनचा?"

"चारचा, बाई. पुरेपूर चारचा. दोनचा आणीन का मी?"

बाईंनी तोंडावर पदर धरला आणि रडायला लागल्या. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या. माझेही डोळे भरले. पस्तीस वर्षांत माझ्या मालाचं असं स्वागत झालं नव्हतं.

"आन् धन्याचं नाव हाय ना यावर?"

"नाव?" मी जरा गडबडलो. "कंपनीचं आहे. आतल्या बाजूला."

बाईंना ते कळलं नाही. मलाही त्यांचं कळलं नाही. म्हणून मी सरळ खोका फोडला आणि पट्टा बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. कातडीच्या रंगाचा, चार स्टीलच्या पट्ट्यांचा. दाखवताना त्याची चिकटपट्टी ओढली आणि माईकमधून सगळ्या सभागृहात आवाज घुमला. खर्रर्रर्र.

न्यायाधीशसाहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"हे काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पट्टा."

"कसला?"

"कमरेचा, साहेब. झोपताना तेवढा काढून ठेवायचा."

जिवलीबाई माझ्या हातातल्या वस्तूकडे बघत होत्या. "मंग त्यो नाय?"

"कोणता तो, बाई?"

"जमिनीचा."

मंडळी, तुम्हाला वाटत असेल लोक हसले. कोणी हसलं नाही. मागे उभी असलेली माणसं एकेक करून खाली बसली. ती खुर्च्यांची करकर मी अजून विसरलेलो नाही.

संध्याताईंनी मला विंगेत ओढलं. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काका, जंगलातली जमीन जो पिढ्यान् पिढ्या कसतो, ती त्याची आहे असं सांगणारा कागद म्हणजे पट्टा. इंग्रजांनी डोंगराभोवती दगड रोवले आणि आतल्यांना सांगितलं, हे जंगल सरकारचं. तेव्हापासून ही माणसं स्वतःच्या शेतात चोर झाली. इंग्रज गेले, दगड तिथेच आहेत. आता कायदा आहे, चार एकरांचा अर्ज आहे, त्यावर दोन लिहून ठेवलेत आणि ते दोनही देत नाहीत. आणि तुम्ही त्या बाईला..."

स्वतःच्या शेतात चोर? माझं दुकान माझं आहे हे मला कधी कोणाला सिद्ध करावं लागलं नाही. पेठ माझ्या दुकानापासून दीड तासावर, आणि तिथे काय चाललंय हे मला कमरेच्या पट्ट्यातून कळावं? लाज वाटली. खरी लाज, नातेवाइकांत वाटते तसली नाही.

मी व्यासपीठावर गेलो आणि माईक बाजूला ठेवून जिवलीबाईंसमोर हात जोडले. "बाई, चुकलो. द्या तो इकडे."

बाईंनी पट्टा दिला नाही. उलटसुलट करून बघितला आणि लुगड्यावरून कमरेला गुंडाळला. दोन वेढे बसले. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "एक तरी मिळाला."

तेव्हा मात्र सगळं सभागृह हसलं. आधी मागच्या दोन रांगा हसल्या, म्हणून बाकीच्यांना धीर आला.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या कचेरीत बाईंच्या अर्जाची सुनावणी होती. मी दुकान बंद ठेवून गेलो. कायद्यातलं मला काही कळत नाही, पण म्हटलं, निदान सोबत उभं राहू. पाड्यावरची माणसं मला जीपमध्ये पुढची सीट देतात आणि एका खास नावाने हाक मारतात. ते नाव असं चारचौघांत निघेल, याची मला कल्पना नव्हती.

साहेबांनी टेबलापलीकडून माझ्याकडे बोट दाखवलं. "हे कोण?"

"ह्यो आमचा पट्टेवाला," जिवलीबाई म्हणाल्या.

साहेबांना आमच्या परिसंवादाचं काय माहीत? कचेरीत पट्टेवाला म्हणजे शिपाई. इंग्रजांच्या वेळी तो छातीवर पट्टा घालून हिंडायचा, तेव्हापासूनचं त्याचं ते नाव. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पट्टेवाला? मग पट्टा कुठाय तुझा?"

"त्याचा माझ्याकडं हाय," जिवलीबाईंनी कमरेवर थाप मारली. "आन् माझा तुमच्याकडं हाय."

जाडजूड फाईल साहेबांनी पुढे ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तीन-चार पानं उलटल्यावर, मान वर न करता ते मला म्हणाले, "उभा काय राहिलास? बाईंना पाणी आण."

आणि मी आणलं.